उंदरांचे सांधे सकाळी आखडतात का?

दिवाळीत मावशीकडे भिगवणला गेले होते. पहाटे उठून स्वयंपाकघरात आले तर मावशी ओट्याशी उभी, दोन्ही हात कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवून. तिला आमवात आहे, डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. चौदा वर्षं झाली. उठल्यावर नुसती बोटं मिटायला तासभर जातो. सांडशी दाबायला जी पकड लागते ती तिच्या हातात नऊ वाजल्याशिवाय येत नाही, म्हणून सकाळचा चहा काकाच करतात. त्या दिवशी आधण मी ठेवलं.

"तू त्या उंदरांचं बघतेस ना, सांध्यांच्या औषधांसाठी?" मावशी म्हणाली. "त्यांचे सांधेपण सकाळीच आखडतात का गं?"

मला उत्तर देता आलं नाही.

मी प्राण्यांची डॉक्टर. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, दोन वर्षं तालुक्याच्या गावी गाई-म्हशी बघितल्या, आणि मग एका प्रयोगशाळेच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये आले. त्याला आता अकरा वर्षं होतील. एवढ्या वर्षांत किती सुजलेले पंजे मोजले याचा हिशेब नाही. पण उंदीर झोपून उठतो तेव्हा त्याचे सांधे आखडलेले असतात का, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आमच्या नोंदीच्या तक्त्यात तसा रकानाच नाही.

मावशीचा प्रश्न घेऊन मी पुण्याला परतले आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. माणसाला होतो तसा आमवात साध्या उंदराला आपसूक होत नाही. तो त्याला द्यावा लागतो. आम्ही सगळ्यात जास्त वापरतो ती पद्धत कोलॅजेनची. आपल्या सांध्यांतल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात, कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं, त्यातला 'टाइप टू' प्रकार. १९७७ साली अमेरिकेत ट्रेंथम, टाउन्स आणि कांग या तिघांनी दाखवलं की हे कोलॅजेन तेलात घोटून मोठ्या उंदरांना, म्हणजे रॅटना, टोचलं तर त्यांचं शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं. १९८० मध्ये तेच छोट्या उंदरांत, म्हणजे आम्ही वापरतो त्या माइसमध्ये, जमलं. कोंबडीच्या किंवा जनावरांच्या कूर्चेतलं कोलॅजेन आत गेलं की शरीर ते परकं म्हणून ओळखतं, त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि उंदराचं स्वतःचं कोलॅजेन दिसायला जवळजवळ तसंच असल्यामुळे मार त्यालाही बसतो. कुठल्याही उंदरात हे होत नाही. डीबीए/१ नावाचा वाण लागतो, फिकट तपकिरी, धुरकट अंगाचा. डीबीए हा प्रयोगशाळेतला सगळ्यात जुना शुद्ध वाण, १९०९ पासून राखलेला.

यातलं सगळ्यात नाजूक काम सुईचं नाही, घोटण्याचं आहे. कोलॅजेन पातळ आम्लात विरघळवलेलं असतं. ते फ्रॉइंडच्या अ‍ॅडज्युव्हंटमध्ये मिसळायचं. अ‍ॅडज्युव्हंट म्हणजे खनिज तेल आणि त्यात उष्णतेनं मारलेले क्षयाचे जंतू. जंतू मेलेले असले तरी प्रतिकारशक्तीला खडबडून जागं करायला पुरतात. काचेच्या दोन पिचकाऱ्या तोंडाला तोंड जोडायच्या आणि बर्फावर धरून मिश्रण या पिचकारीतून त्या पिचकारीत ढकलत राहायचं. पहिली पाच मिनिटं दांडा सहज सरकतो. मग तो जड व्हायला लागतो. शेवटी अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि मिश्रण लोण्यासारखं पांढरं, घट्ट होतं. झालं की नाही ते कसं कळतं? गार पाण्यात एक थेंब टाकायचा. आई लाडवांचा गोळीबंद पाक बघायची, अगदी तसं. थेंब तसाच गोळीसारखा राहिला तर जमलं, पसरला तर पुन्हा घोटा. मी नवीन मुलांना हे शिकवताना पाकाचंच उदाहरण देते, लगेच कळतं. आणि हे करताना सुई स्वतःच्या बोटात जाऊ द्यायची नाही, हे दहादा बजावते. त्या जखमा महिनोन् महिने भरत नाहीत.

शेपटीच्या मुळाशी कातडीत पहिला डोस, एकविसाव्या दिवशी दुसरा. त्यानंतरच्या आठवड्यात एखाद्या सकाळी पिंजरा उघडते तेव्हा मागच्या पायाचं एकच बोट लालसर, मटारच्या शेंगेसारखं टम्म झालेलं दिसतं. तिथून पुढे रोजची नोंद. प्रत्येक पंजाला शून्य ते चार गुण. एखादं बोट सुजलं तर एक, सबंध पंजा घोट्यापासून सुजून ताठरला तर चार. चार पंजे म्हणजे जास्तीत जास्त सोळा. सोबत कॅलिपरनं जाडी. निरोगी मागचा पंजा जेमतेम दोन मिलिमीटर भरतो, आजारी तीनच्या पुढे जातो. एका मिलिमीटरचा फरक. पण तो पंजा दोन बोटांत धरला की उंदीर अंग कसं आकसतो आणि डोळे कसे बारीक करतो ते मला माहीत आहे. त्या एका मिलिमीटरला मी कधी लहान म्हणू शकले नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की उंदीर कसा ठेवला यावर त्या मिलिमीटरचा अर्थ ठरतो. निधी मंजूर करणारे लोक पिंजरा, भुसा, आवाज, उजेड या गोष्टी 'व्यवस्था' या सदरात टाकतात. माझ्या मते त्या प्रयोगातच मोडतात.

हे मी एका चुकीतून शिकले. अ‍ॅनिमल हाउसमधल्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत. डीबीए/१ चे नर भांडखोर असतात. पिंजरे कमी पडत होते म्हणून वेगवेगळ्या पिंजऱ्यांतले मोठे झालेले नर एकत्र ठेवले गेले. मी तिथली डॉक्टर, मी हरकत घ्यायला हवी होती, घेतली नाही. तीन आठवड्यांनी औषध न दिलेल्या गटातल्या उंदरांचे पंजे भराभर सुजले, औषधाचा गट त्यापुढे छान दिसत होता. सगळे खूश. एका दुपारी मी भिंग घेऊन पंजे बघत बसले तर तीन उंदरांच्या बोटांवर दोन-दोन बारीक टोचे. चाव्याच्या खुणा. ती सूज सांध्याची नव्हतीच, जखमेची होती. सबंध प्रयोग बाद झाला. अठ्ठेचाळीस उंदीर. त्यांना झालेला त्रास कुणाच्या काहीच कामी आला नाही, आणि ती गोष्ट मला अजून सलते. तेव्हापासून दूध तोडल्यावर जे भाऊ एकत्र ठेवले ते शेवटपर्यंत एकत्र, नवा उंदीर मध्ये घालायचा नाही, आणि घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या प्रत्येक पिंजऱ्यात.

पिंजऱ्याचा महिमा याहून मोठा आहे. जपानच्या शिमोन साकागुचींना, ज्यांना २०२५ चं नोबेल मिळालं, त्यांना एक विशेष वाण सापडला. एसकेजी नावाचा. २००३ मध्ये त्यांनी दाखवलं की त्याच्या झॅप-७० नावाच्या एका जनुकातल्या बिघाडामुळे स्वतःच्या सांध्यांवर उलटणाऱ्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या एका प्रकारच्या पेशी, मरायच्या त्या मरत नाहीत, जगतात. साध्या पिंजऱ्यात या उंदरांना सांधेदुखी जडते. पण अगदी स्वच्छ, जंतूंपासून जपलेल्या वातावरणात वाढवले तर ते धडधाकट राहतात. तिथे त्यांना बुरशीच्या भिंतीतला एक घटक टोचला की मगच आजार उठतो. जनुक तेच, उंदीर तोच. बदलली ती हवा.

मावशीनं दुसरा प्रश्न चहा पिताना विचारला होता. "माझी गोळीपण उंदरांवरून आली का?"

तिची मिथोट्रेक्सेटची गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची ती, सांधेदुखीच्या उंदरांवरून आलेली नाही. ती आली रक्ताच्या कर्करोगावरून. आंध्रातून अमेरिकेला गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं फॉलिक आम्लाला अडवणारी औषधं बनवली, १९४८ मध्ये सिडनी फार्बरनी त्यातलं एक ल्युकेमियाच्या मुलांना दिलं, आणि १९५१ मध्ये तेच काही आमवाताच्या आणि सोरायसिसच्या रुग्णांना देऊन बघितलं गेलं. तिथून त्याच घराण्यातलं मिथोट्रेक्सेट आमवातात रुळायला पुढे तीस-पस्तीस वर्षं लागली.

पण तिला तीन वर्षांपूर्वी सुरू झालेलं इंजेक्शन मात्र उंदरांच्या वाटेनं आलं, आणि ती वाट मला फार नीट आखलेली वाटते. लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या गटानं सुरुवात माणसापासून केली. रुग्णांच्या सांध्यांतलं अस्तर काढून त्यातल्या पेशी बशीत वाढवल्या. १९८९ मध्ये दिसलं की टीएनएफ नावाचा एकच रेणू अडवला तर बाकीच्या दाहकारक रेणूंची रांगच थंडावते. मग प्रश्न घेऊन ते उंदरांकडे गेले. तोवर ग्रीसच्या कोलियास यांच्या गटानं माणसाचा टीएनएफ जास्त बनवणारा उंदीर तयार केला होता आणि त्याला आपोआप सांधेदुखी झाली होती, ते १९९१. पाठोपाठ १९९२ मध्ये लंडनच्या गटानं आमच्या याच कोलॅजेनच्या उंदरांत, आजार सुरू झाल्यानंतर, टीएनएफ अडवून सूज आणि कूर्चेची झीज कमी करून दाखवली. त्याच वर्षी पहिल्या रुग्णांना इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारं औषध दिलं गेलं. वीस जणांचे निकाल १९९३ मध्ये छापून आले.

आजार सुरू झाल्यानंतर, हे शब्द मी मुद्दाम लिहिले. आजार होण्याआधीच औषध देऊन 'उंदीर बरे झाले' म्हणणारे निबंध ढिगानं आहेत. मावशी बोटं सुजायच्या आधी डॉक्टरांकडे गेली नव्हती. कुणीच जात नाही.

मावशीला इंजेक्शन द्यायच्या आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी झाली होती. ती वैतागली होती, दुखतात सांधे आणि फोटो छातीचा का? त्याचं कारणही उंदरातच आहे, पण आमच्या उंदरात नाही. टीएनएफ हा रेणू फुप्फुसात लपलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवायचं काम करतो. १९९५ मध्येच दिसलं होतं की ज्या उंदरांत टीएनएफचं काम बंद आहे ते क्षयाच्या जंतूंपुढे टिकत नाहीत. तरी २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या सत्तर जणांना क्षय झाल्याचं प्रसिद्ध झालं तेव्हा कुठे तपासणी सक्तीची वाटायला लागली. आमच्या सांधेदुखीच्या उंदरानं हा धोका कधी सांगितला नसता. त्याच्या अंगात क्षयाचे जंतू असतात ते मेलेले, तेलात घोटलेले. आणि आपल्या देशात किती जणांच्या फुप्फुसात जिवंत जंतू झोपलेले असतात ते वेगळं सांगायला नको.

स्वच्छ पिंजऱ्याची ही दुसरी बाजू. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की प्रयोगशाळेतल्या उंदराची प्रतिकारशक्ती नवजात बाळासारखी असते. पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या उंदराची प्रौढ माणसाच्या जवळ जाते. स्मृती असलेल्या पेशी जंतू बघूनच तयार होतात, आमच्या उंदरांनी जंतू बघितलेलेच नसतात.

यावरून लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयातली गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १३ मार्च २००६. टीजीएन१४१२ नावाचं प्रतिपिंड, आमवात आणि एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी बनवलेलं. मोठ्या उंदरांत या जातीच्या प्रतिपिंडानं आवर घालणाऱ्या टी पेशी वाढवल्या होत्या, सांधेदुखी शमवली होती. माकडांना कितीतरी पट मोठा डोस देऊन काही झालं नव्हतं. सहा निरोगी तरुणांना ते दिलं आणि दीड तासात त्यांना थंडी, उलट्या, असह्य डोकेदुखी सुरू झाली. काही तासांत एकेक अवयव बंद पडायला लागला. सहाही जण वाचले, पण एकाची हातापायाची बोटं गेली. नंतर कळलं की ज्या स्मृतिपेशींनी माणसात हा वणवा पेटवला, त्यांच्यावर माकडांमध्ये तो रेणूच नसतो ज्याला औषध चिकटतं. आणि स्वच्छ पिंजऱ्यातल्या उंदरांत मुळात तशा पेशीच तुरळक. 'मग उंदरांचे प्रयोग बंदच करा,' असं लोक मला या गोष्टीवरून सांगतात. मी म्हणते, त्या उंदरांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांच्या अंगात जे होतं तेवढंच त्यांनी सांगितलं. त्यांच्या अंगात काय नाही, हे आपण विचारायला हवं होतं.

कमी भयंकर अपेक्षाभंग तर पुष्कळ आहेत. इंटरल्युकिन-१ हा दुसरा एक दाहकारक रेणू अडवला की आमच्या उंदरांचे सांधे इतके छान सुधारतात की बघत राहावं. माणसांच्या आमवातात तेच औषध, अनाकिन्रा, बेताचंच ठरलं. पेशींतला पी-३८ नावाचा रेणू अडवणारी औषधं उंदरांत चालली, माणसांत आपटली. कोलॅजेनचा आजार उंदरात काही आठवड्यांत पेटतो आणि बहुधा विझतो. मावशीच्या रक्तात प्रतिपिंडं बोटं सुजण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून असणार. हा आजार बायकांना पुरुषांच्या दोन-तीन पट होतो आणि आम्ही बहुतेक वेळा नर उंदीर वापरतो. भिगवणमध्येच १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूनं दारोदार जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती, त्यात हजारी साधारण पाच जणांना आमवात निघाला. ती माणसं विहिरीवरून पाणी काढत होती, भाकरी थापत होती, चुलीच्या धुरात बसत होती. यातलं काहीच माझ्या पिंजऱ्यात नाही.

म्हणून प्राण्यांवरच्या प्रयोगांचे अर्ज तपासणाऱ्या समितीच्या बैठकीत मी एकच प्रश्न लावून धरते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली असे प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत अशी समिती असते, तिच्यात प्राणिगृहाचा डॉक्टर असतो आणि विज्ञानाबाहेरचा एक जाणता माणूसही. अर्जावर संशोधक लिहितात, 'आमवाताचं प्रतिरूप.' मी विचारते, आमवातातलं नेमकं काय बघायचंय? प्रतिपिंडं सांध्यापर्यंत पोचल्यावर पुढे काय होतं एवढंच बघायचं असेल तर के/बीएक्सएन नावाच्या वाणाच्या उंदराचं रक्तजल (सीरम) टोचा, त्याच्या रक्तात अशी प्रतिपिंडं आपोआप बनलेली असतात, काही दिवसांत सांधे सुजतात, सहा आठवडे त्रास द्यायची गरज नाही. हाडाची झीज बघायची असेल तर टीएनएफचा उंदीर. आणि रुग्णाच्या सांध्यातलं अस्तर बशीत वाढवून उत्तर मिळणार असेल तर उंदीर आणूच नका.

वेदनाशामकाचा वाद तर दर खेपेला होतो. सूज उतरवणारी गोळी दिली तर मोजायचं तेच बिघडतं, हे खरं. सूज न उतरवता दुखणं कमी करणारी औषधं प्रतिकारशक्तीत थोडीफार ढवळाढवळ करतात, हेही खरं. पण सगळ्या गटांना सारखंच दिलं तर तुलना टिकते. मी कायम देण्याच्या बाजूनं बोलते. कधी जिंकते, कधी नाही. बाकीचं मात्र कुणाला विचारत नाही. सुजलेल्या पायांना टोचणार नाही असा मऊ कागदी भुसा, पाण्याच्या बाटलीला लांब नळी, जाळीवर चढावं लागू नये म्हणून भिजवलेलं खाणं खाली वाटीत, आणि वजन वीस टक्क्यांनी घटलं की त्या उंदराचा प्रयोग तिथेच संपवायचा.

राहिला मावशीचा पहिला प्रश्न. शोधलं तर त्याचा माग कुणीतरी काढलेला होता. मँचेस्टरच्या गटानं २०१६ मध्ये उंदरांच्या सुजलेल्या सांध्यांतही दिवस-रात्रीची लय असल्याचं दाखवलं आहे. पण मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. उंदीर निशाचर. आमच्याकडे दिवे सकाळी सातला लागतात, संध्याकाळी सातला मालवतात. म्हणजे मी अकरा वर्षं रोज अकरा वाजता त्यांच्या मध्यरात्री जाऊन, गाढ झोपेतून उठवून त्यांचे पंजे मोजत होते. त्यांची सकाळ संध्याकाळी सातला होते. परवानगी घेऊन एका संध्याकाळी मी थांबले, तांबडा दिवा लावून, तो उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही. चौतिसाव्या दिवसाचा पिंजरा, पाच भाऊ. सात वाजून चार मिनिटांनी घरट्यातून पहिला बाहेर आला, त्याला आजार लागलेला नव्हता. दोन्ही मागचे पंजे सुजलेला शेवटचा, साडेसातनंतर. पाऊल सपाट टेकवत नव्हता, कडेवर टेकवत होता. वाटीपर्यंतच्या वीतभर वाटेत तीनदा थांबला. नऊच्या सुमारास तोच मला भिंतीला पंजे लावून उभा राहिलेला दिसला. एका रात्रीचं बघणं म्हणजे पुरावा नव्हे, ते मला कळतं. पण मी दुसऱ्याच दिवशी तक्त्यात एक रकाना वाढवला.

घरी जाताना मावशीला फोन केला, सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तू त्यांना खायला किती वाजता देतेस?"

मी सांगितलं, अकराला, मोजणी झाली की.

"अगं, मग संध्याकाळी त्यांची उठायची वेळ होईस्तोवर ते वाळून कडक होत असेल."

होत होतं. आता भिजवलेलं खाणं पावणेसातला वाटीत जातं, दिवे मालवायच्या आधी.